वेळ अमावास्येची भज्जी : एका शेतभोजनाचा परिचय

मार्गशीर्ष वद्य अमावास्येच्या दिवशी लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत, आणि त्यांना लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या काही भागांत, गावेच्या गावे रिकामी होतात. घरातील माणसे, आलेले पाहुणे आणि पुण्या-मुंबईहून रजा काढून परतलेली मुले अशी सर्व मंडळी शिजवलेले अन्न घेऊन शेतात जातात, तेथेच पूजा करतात, तेथेच जेवतात आणि दिवस मावळल्यावर परततात. या सणास वेळ अमावास्या किंवा वेळा अमावास्या असे म्हणतात. बोलीत तिचेच ‘येळवस’ झाले आहे. या दिवशी दोन्ही जिल्ह्यांत स्थानिक सुट्टी दिली जाते, आणि लातूरसारख्या गजबजलेल्या शहराच्या बाजारपेठेतही दुपारी शुकशुकाट असतो. महाराष्ट्राच्या इतर भागांस या सणाची ओळख फारशी नाही. पुणेरी पंचांग पाहणारास तो एक सामान्य दर्श अमावास्येचा दिवस वाटतो.

तिथी चांद्रमासाची असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. २०२२ साली ती २३ डिसेंबरला आली. त्यापुढची, अधिक मास मध्ये पडल्यामुळे, ११ जानेवारी २०२४ रोजी. आणि त्यानंतरची त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला. म्हणजे हा सण साधारणतः डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापावेतो केव्हाही येतो. थंडी या वेळी भरात असते. मात्र सणाचा खरा आधार थंडी नसून पिकांची अवस्था हा होय, आणि त्याचे विवेचन पुढे भज्जीच्या निमित्ताने येईल.

प्रथम नावाचा विचार करणे इष्ट आहे. ‘वेळ’ या शब्दाचा काळाशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण त्या अर्थाने या नावाचा काहीच उलगडा होत नाही. लोकांत रूढ असलेली एक उपपत्ती अशी की, कानडीत ‘एळु’ म्हणजे सात. ज्येष्ठाच्या अमावास्येपासून मोजल्यास मार्गशीर्षाची अमावास्या सातवी भरते. म्हणून ही ‘येळी’ अमावास्या. दुसरी उपपत्ती ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ या कानडी शब्दाकडे बोट दाखविते. पहिल्या उपपत्तीत एक अडचण आहे. ज्येष्ठ आणि मार्गशीर्ष यांच्या दरम्यान अधिक मास आला की मोजणी चुकते. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा मार्गशीर्षाची अमावास्या आठवी ठरली. उलट सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गी भागात याच दिवशी हाच सण होतो, आणि तेथे त्याचे नाव ‘एळ्ळ अमावास्ये’ असे उघडच तिळावरून पडलेले आहे. तीळ खरिपात निघतो आणि या सुमारास घरात आलेला असतो. तेव्हा दुसरी उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते. मराठी कानाला ‘एळ्ळ’ परके वाटले, त्याचे ‘येळ’ झाले, आणि शिकलेल्या माणसाने ते शुद्ध करावयाचे म्हणून ‘वेळ’ केले. ‘येळ’चे शुद्ध रूप ‘वेळ’ हे त्याला बोलीच्या सवयीने ठाऊकच होते.

या सणाची इतरही शब्दसंपत्ती कानडीकडे झुकते. आंबील ज्या मातीच्या घागरीतून शेतात नेतात तिला ‘बिंदगी’ म्हणतात. कानडीत घागरीस ‘बिंदिगे’ हा शब्द आहे. पिठाच्या वाफवलेल्या गोळ्यांना ‘उंडे’ म्हणतात. कानडीत ‘उंडे’ म्हणजे गोळा. शेतातून फिरताना आंबील शिंपडीत जी आरोळी देतात तिचे शब्द तर आरोळी देणाऱ्यालाही समजत नाहीत. त्यांचे वळण मात्र कानडी आहे. यात नवल करण्याचे कारण नाही. लातूर आणि धाराशिवचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपावेतो बीदर जिल्ह्यात होते. ते त्या वर्षी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यास जोडले गेले आणि १९८२ साली वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यात आले. राज्यांची सीमा ठरली तेव्हा ती भाषेवरून ठरली. स्वयंपाकघराची सीमा तिच्याशी जुळत नाही.

आता भज्जी. नाव ऐकून कांद्याची तळलेली भजी डोळ्यांपुढे येतात. तिचा यांच्याशी संबंध नाही. भज्जी म्हणजे ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची, डाळीचे पीठ लावून दाट केलेली मिश्र भाजी होय. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे, पावटा किंवा वाल, वाटाणा, भुईमुगाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, क्वचित बोरे, असा जो जो माल शेतात आणि बांधावर हिरवा असेल तो तो तीत पडतो. दाणे आधी शिजवून घेतात. चिंचेच्या कोळात बेसन कालवून ते त्यावर सोडतात आणि सतत ढवळीत राहतात, कारण पीठ एकदा तळाशी बसले की सबंध भांड्याला करपट वास येतो. लसूण आणि हिरवी मिरची यांचा ठेचा सढळ हाताने घालतात. फोडणी तेलाची असते. मसाले जवळजवळ नसतातच. ओल्या दाण्यांची स्वतःची गोडी, चिंचेचा आंबटपणा आणि लसणाचा झणका यांवरच सारे काही अवलंबून असते. थंड झाल्यावर भज्जी आणखी घट्ट होते, आणि पुष्कळांना ती तशीच अधिक आवडते.

भज्जीत काय पडते याकडे शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले की तिथीचे मर्म ध्यानात येते. तूर खरिपाची. ती जूनच्या अखेरीस किंवा जुलैत पेरली जाते, पण लवकर निघत नाही. मार्गशीर्षात तिच्या शेंगा पक्व होत आलेल्या असल्या तरी सर्वच वाळलेल्या नसतात. हरभरा रब्बीचा. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला जातो आणि या सुमारास त्याला घाटे धरू लागतात. म्हणजे एका हंगामाचा शेवट आणि दुसऱ्या हंगामाची सुरुवात एकाच पातेल्यात येते, आणि असे वर्षातून अवघे काही आठवडेच घडते. पंधरा दिवस आधी हरभऱ्यात दाणा नसतो; महिन्याभराने तुरीत ओलावा नसतो. रब्बी ज्वारी, विशेषतः या भागात फार दिवसांपासून चालत आलेली मालदांडी, याच वेळी पोटरीतून कणीस बाहेर टाकीत असते. काळ्या जमिनीत धरून ठेवलेल्या ओलीवरच तिला दाणा भरावयाचा असतो. पीक डोळ्यांपुढे उभे आहे, पण अजून हाती आलेले नाही, अशी ही अवस्था. म्हणून पूजा घरात न होता शेतात होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवसाची भोगीची भाजी हिची जवळची नातलग होय. दाणे तेच, तीळही तोच, सोबतीस बाजरीची भाकरीही तीच. पण भोगीची भाजी घरात, माफक प्रमाणात होते. भज्जी मात्र किती माणसांसाठी करावयाची हे कोणालाच नक्की ठाऊक नसते, कारण शेताच्या वाटेने येणारा प्रत्येक जण जेवणारा असतो. रायगड जिल्ह्यात याच ऋतूत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून विस्तवावर भाजतात, ती पोपटी. गुजरातेत मकरसंक्रमणाच्या सुमारास उंधियो होतो. ओल्या शेंगांचा काळ आला की पश्चिम आणि दक्षिण भारतात ठिकठिकाणी चूल अशी मोठी होते.

भज्जीच्या बरोबरीचे दुसरे अन्न म्हणजे आंबील. ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेवतात. थंडीत ते लवकर आंबत नाही, म्हणून ही तयारी वेळेपूर्वीच करावी लागते. आंबलेले पीठ उकळत्या पाण्यात सोडून शिजवितात, निवल्यावर त्यात पुन्हा ताक, वाटलेला लसूण, जिरे, मीठ आणि कोथिंबीर घालतात, आणि ते बिंदगीत भरतात. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरून बाहेर वाळत राहते, त्यामुळे आंबील दुपारच्या उन्हातही गार राहते. भर हिवाळ्यात गार पेय कशासाठी, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. पण मराठवाड्याच्या हिवाळ्यात पहाट जितकी बोचरी असते तितकीच दुपार शेतात तापलेली असते. आंबण्याच्या क्रियेने धान्यातील फायटेट हे द्रव्य कमी होते आणि लोहासारखी खनिजे शरीरास अधिक सुलभतेने मिळतात, हे पोषणशास्त्राने दाखविले आहे. भाकरी आणि भज्जी यांची जोडही तशीच हिताची. तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल उणे असते, ते कडधान्य पुरविते. कडधान्यात मेथिओनिन उणे असते, ते तृणधान्यातून मिळते. अर्थात ही जोड कोणी पोषणासाठी घातली असे म्हणणे धाडसाचे होईल. जे पिकत होते तेच लोक खात होते.

यांखेरीज ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, धपाटे, वांग्याचे भरीत आणि गूळ घातलेली गव्हाची खीर असा बेत असतो. त्यात घराघरांप्रमाणे फरक पडतो.

सकाळी घरातील पुरुष अंगावर घोंगडे घेऊन बिंदगी डोक्यावर ठेवतो आणि निघतो; मागून बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल, जे असेल ते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची एक कोप उभारलेली असते. तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगड मांडून त्यांची पांडव म्हणून पूजा करतात. पांडवांचे नाव असले तरी महाभारतातील एखादी विशिष्ट कथा या पूजेला चिकटलेली दिसत नाही. शेताच्या रक्षणकर्त्यांची ही पूजा असून नाव तिला मागाहून मिळाले असावे. नैवेद्यानंतर पिकातून फिरून आंबील शिंपडतात. उत्तर कर्नाटकातही या दिवशी शेतात अन्न टाकण्याची रीत आहे. तेथे तिला ‘चरग’ म्हणतात. त्यानंतर पंगती बसतात. शेतात ताट-वाट्या मांडण्याचे बंधन नसते. भाकरीवरच भज्जी घेऊन बांधावर बसले तरी चालते.

या पंगतीचा सामाजिक अर्थ दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्याला शेत आहे त्याने, ज्याला नाही त्याला बोलावावयाचे, असा दंडक आहे. शहरातला दुकानदार, शाळेतला शिक्षक, सरकारी नोकर, भाडेकरू या सर्वांना कोठून ना कोठून निमंत्रण असते, आणि एकाच दिवशी तीन-चार शेतांत जेवण्याचा प्रसंग पुष्कळांवर येतो. ज्या शेतात जास्त माणसे जेवली त्या शेताचा मान मोठा. तथापि हे चित्र रंगविताना एक गोष्ट विसरता कामा नये. गावात वर्षभर पाळली जाणारी उतरंड एका दिवसात नाहीशी होत नाही. कोण कोणाच्या शेतात पाहुणा म्हणून जातो आणि कोण सालगडी म्हणून तेथे आधीच राबत असतो, यातील फरक पंगतीच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यास दिसतोच. तसेच दाणे सोलण्यापासून उंडे वाफविण्यापर्यंतचा सर्व भार घरातील स्त्रियांवर असतो. सणाची आदली रात्र त्या चुलीपुढे काढतात, आणि दुसऱ्या दिवशी शेतात वाढण्याचे कामही त्यांच्याकडेच येते. सणाच्या वर्णनांत शेताला जितकी जागा मिळते तितकी या रात्रीला मिळत नाही.

गेल्या काही दशकांत या भागाची पीकपद्धती पालटली, आणि तिचा परिणाम थेट भज्जीवर झाला. खरिपात आज लातूर जिल्ह्याचे मुख्य पीक सोयाबीन आहे. ते ऑक्टोबरपर्यंत निघून जाते. अमावास्येला देण्यासारखे हिरवे त्याच्याजवळ काहीच नसते. ज्याला पाणी मिळाले त्याने ऊस लावला. मात्र या प्रदेशाला पाण्याची शाश्वती किती, हे २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. हरभरा टिकून आहे, किंबहुना सोयाबीनच्या मागून तो घेणे सोयीचे पडते. पण ज्वारीचे क्षेत्र आक्रसले, आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. कडबा नाही तर कोप कशाची? काही शेतांत आता उसाच्या पाचटाची किंवा कापडी मांडवाची कोप दिसते. वाटण्या होत होत शेते लहान झाली, आणि तूर, पावटा, भुईमूग, मेथी असे सर्व काही एकाच घराच्या शेतात मिळणे दुर्मिळ झाले. अमावास्येच्या आदल्या दोन दिवसांत लातूरच्या बाजारात ओल्या शेंगांचे ढीग लागतात आणि भाव चढतात. शेतातून घरात येणारा माल बाजारातून घरात, आणि घरातून पुन्हा शेतात, असा उलटा प्रवास करू लागला आहे.

तरीही ज्यांनी जमीन विकली ती कुटुंबेसुद्धा या दिवशी भावकीच्या शेतात येतात. पुण्यात स्थायिक झालेली काही लातूरकर कुटुंबे शहराबाहेर एखादे मोकळे रान पाहून तेथे भज्जी-आंबील नेतात. तेथे स्वतःचे पीक नसते, त्यामुळे शिंपडण्याचा विधी बहुधा गळतो. जेवण मात्र गळत नाही.

सायंकाळी गावाकडच्या शेतात हेंडगा पेटवितात. कडब्याची ही जळती पेंढी घेऊन पोरे पिकाभोवती धावत फेरी घालतात, आणि मग भांडी गाडीत चढतात. उरलेली भज्जी त्या रात्री कोणी टाकून देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गरम करून शिळ्या भाकरीबरोबर खातात, आणि ज्यांना शेतात येणे जमले नाही अशा शेजाऱ्यांकडे तिचा वाटा झाकून पाठवितात.