होडीतील गळती : आधी शोध, मग दुरुस्ती

उजनीच्या काठावरचे दुर्लक्षित काम आणि सोलापूरचे कारागीर

सोलापूर म्हटले की चादर, टॉवेल आणि यंत्रमाग डोळ्यांसमोर येतात. होडी कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. परंतु याच जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमा नदीवर १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याचा सुमारे ११७ टी.एम.सी. क्षमतेचा जलाशय करमाळ्यापासून पलीकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूरपर्यंत अनेक गावांच्या शिवारात पसरला. या पाण्यावर चिलापी, कटला पकडणाऱ्यांच्या होड्या आहेत. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून माणसे बोटीने पैलतीर गाठतात. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना फिरवणाऱ्या बोटी आहेत. यांपैकी पुष्कळ बोटींना आता इंजिन आहे.

होडी आली म्हणजे गळतीही आली. आणि गळती आली की काय होते? मालक हाताला येईल ते डांबर, लांबी किंवा एम-सील आतून थापतो आणि एक डबा होडीत टाकून ठेवतो. पाणी साचले की उपसायचे, एवढाच इलाज. वास्तविक हे काम करण्याचे सर्व हुन्नर सोलापुरात आहेत. वेल्डर आहेत, फायबरच्या टाक्या आणि गाड्यांचे बंपर सांधणारे आहेत, विहिरीवरच्या पंपाचे ग्लँड भरणारे मेकॅनिक आहेत, पंक्चर काढणारे तर चौकाचौकात आहेत. या सगळ्यांना जे ठाऊक आहे ते एका जागी आणले की होडीची दुरुस्ती होते. फक्त एक गोष्ट नव्याने शिकावी लागेल, ती म्हणजे गळती शोधणे.

थोडेसे पाणी म्हणजे किती?

पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर एक सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण करंगळी जाईल एवढे भोक असले, तर त्यातून मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी आत येते. तासाला हे ४०० लिटर झाले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे तासाभरात सहा धडधाकट माणसे गुपचूप होडीत येऊन बसली असे समजावे. भोकाचा व्यास दुप्पट झाला तर पाणी दुप्पट नव्हे, चौपट येते.

वजनापेक्षाही मोठा धोका निराळा आहे. पोत्यातला माल जागेवर राहतो, तळातले पाणी मोकळे असते. होडी डावीकडे कलली की ते सगळे डावीकडे धावते आणि तिला आणखी कलवते. कोरडी होडी ज्या लाटेवर सावरते, त्याच लाटेवर पाणी साचलेली होडी उलटू शकते.

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती दुर्घटना वादळाची होती. तिचा दोष गळतीवर टाकण्याचा येथे हेतू नाही. परंतु उजनीचे पाणी किती रुंद आहे आणि वारा किती अचानक उठतो हे त्या दिवशी सर्वांना दिसले. अशा पाण्यावर बोट आधीच अर्धी भिजलेली असणे परवडणारे नाही. म्हणून हे काम हाती घेणाऱ्याने सायकलचे पंक्चर आणि बोटीची गळती एका मापाने मोजू नये.

पाणी दिसते तेथून येत नाही

शिकाऊ कारागिराची पहिली चूक येथेच होते. पाणी नेहमी सखल जागी जमते. ते शिरते पुढच्या टोकाला आणि दिसते मागे इंजिनाजवळ. फळीखालून, लाकडी दांड्याच्या कडेने ते दोन-तीन मीटर वाहत जाते. मालक म्हणतो, “इथून गळते बघा,” आणि तो जेथे बोट ठेवतो तेथे बहुधा काही नसते. तेव्हा हत्यार उचलण्यापूर्वी मालकाला एकच गोष्ट विचारावी : पाणी केव्हा येते?

बोट नुसती बांधून ठेवली तरी येत असेल, तर तळाला चीर आहे, बूच सैल आहे किंवा पातळीखालचा एखादा बोल्ट ढिला आहे. बोट चालवतानाच येत असेल, तर पंख्याच्या शाफ्टचा ग्लँड किंवा इंजिन टांगलेली मागची फळी तपासावी. इंजिनाच्या जोराने तिचे बोल्ट हलतात. माणसे भरल्यावरच येत असेल, तर दोष एरवी पाण्याच्या वर राहणाऱ्या भागात आहे : काठाचा जोड, पंपाच्या नळीचे तोंड, वायर घालण्यासाठी पाडलेले भोक. पावसानंतरच येत असेल, तर तळ शाबूत आहे. वरच्या झाकणाचे सांधे पाहावेत. आणि आतले पाणी हाताला कोमट लागले, तर ते तलावाचे नव्हे, इंजिन थंड करणाऱ्या नळीचे आहे. एवढ्या चौकशीने निम्मे काम होते आणि त्याला पैसा लागत नाही.

उपसा-पंपाची नळीही विसरू नये. तिचे बाहेरचे तोंड पाण्याच्या पातळीला आले, तर पंप बंद झाल्यावर तलावाचे पाणी त्याच नळीने उलटे आत येऊ शकते. अशा बोटीचा तळ कितीही सांधला तरी उपयोग नाही. नळीचे तोंड वर घेतले की काम झाले.

शोधण्याच्या चार रीती

पहिली रीत कागदाची. बोट उथळ पाण्यात बांधावी, आतून पुसून कोरडी करावी आणि सांधे, बोल्ट, ग्लँड यांच्याखाली जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे पसरावेत. कोणता कागद आधी भिजतो ते पाहत बसावे. येथे डोळ्यांपेक्षा सबुरी कामाला येते.

दुसरी रीत उलट्या पाण्याची. बोट काठावर घ्यावी, बाहेरून वाळू द्यावी, तळाला खडूची किंवा चुन्याची भुकटी चोळावी आणि आत थोडे पाणी भरावे. भुकटी जेथे ओली होते तेथे भोक. पाण्यात चिमूटभर कपड्याचा रंग टाकला तर खूण अधिक स्पष्ट दिसते. रंगाऱ्यांच्या या शहरात रंग शोधावा लागणार नाही. मात्र पाणी बेताने भरावे. तळ तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असला, तर दहा सेंटिमीटर पाण्याचेच वजन ३०० किलो होते. खाली सगळीकडे सारखा आधार नसेल तर बोट या तपासणीतच चिरेल.

तिसरी रीत साबणाची, म्हणजे पंक्चरवाल्याची. काही बोटींत तरंगण्यासाठी बंद हवेचे कप्पे असतात. त्यांत हातपंपाने अगदी हलकी हवा भरून बाहेरून साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे निघतील तेथे छिद्र. टायरचा कॉम्प्रेसर मुळीच लावू नये, कप्पा फुटेल.

चौथी रीत हाताची आणि कानाची. लाकडी मुठीने तळ ठोकत जावे. शाबूत फायबर खणखणीत वाजते, थर सुटलेला भाग बद्द वाजतो. पत्र्याच्या होडीत गंजलेल्या जागी टोच दाबून पाहावा. तो आत गेला तर बरेच झाले. भर तलावात गेला असता तो आज काठावर गेला.

उजनीवर तळाला इजा होण्याचे एक खास कारण आहे. उन्हाळ्यात पाणी मृत साठ्याखाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती आणि खडक पाण्याच्या पृष्ठाजवळ येतात. पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते ते याच दिवसांत. अशा वेळी तळ घासतो, आणि घासल्याचे मालकाला आठवतही नाही.

दुरुस्ती कशी करावी?

फायबर : चीर वरून बुजवू नये. ग्राइंडरने तिच्या दोन्ही बाजू उतरत्या घासाव्यात, जाडीच्या सुमारे बारा पट रुंदीपर्यंत; म्हणजे ५ मि.मी. जाडीला प्रत्येक बाजूस ६० मि.मी. जागा पूर्ण वाळवावी, ॲसिटोनने पुसावी आणि मॅट व रेझिनचे थर लहानापासून मोठ्याकडे चढवावेत. ओलसर जागेवर लावलेला थर आज चिकटतो आणि महिन्याने सुटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हार्डनर कमी घालावा, नाहीतर रेझिन भांड्यातच घट्ट होईल. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. काचेची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. तोंडाला मास्क लावावा. नुसता रुमाल पुरत नाही.

पत्रा : गंजलेला भाग कापून काढावा आणि नवा पत्रा वेल्ड करावा. कागदासारख्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग केले तर एका भोकाची तीन होतात. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी, फोम आणि तेलकट चिंध्या बोटीबाहेर काढाव्यात.

लाकूड : काठावर उन्हात पडलेल्या होडीच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. ती पाण्यात ठेवून फळ्या फुगू द्याव्यात आणि मगच गळतीचा निर्णय करावा. वाळलेल्या सांध्यात कापूस ठासून भरला, तर फळ्या फुगल्यावर एकमेकींना ढकलतात आणि खिळे सैल होतात.

बोल्ट आणि बूच : बोल्ट नुसता आवळू नये. काढावा, भोक स्वच्छ करावे, पाण्याखाली चालणारे पॉलियुरेथेन सीलंट भरून पुन्हा बसवावा. साध्या सिलिकॉनचा मोह टाळावा. एकदा ते लागले की त्या जागी पुढे रंग किंवा रेझिन नीट धरत नाही. बुचाचे रबर कडक झाले असेल तर बदलावे. दोष पुष्कळदा एवढाच निघतो.

ग्लँड : पंपवाल्या मेकॅनिकला हे सांगायला नको. जुने पॅकिंग सगळे काढावे, नव्याच्या वेगवेगळ्या कड्या कापाव्यात आणि त्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थेंब-थेंब पाणी यायलाच हवे. त्यानेच तो थंड राहतो. गळती पूर्ण बंद करण्याच्या नादात ग्लँड फार आवळला, तर शाफ्ट झिजून मोठा खर्च उभा राहतो.

एम-सील वाईट नाही, पण ते काठापर्यंत पोहोचण्यासाठी आहे, हंगाम काढण्यासाठी नव्हे.

धंद्याच्या दृष्टीने

या कामाला वेगळे भांडवल फारसे लागत नाही. ग्राइंडर, ड्रिल, हातपंप, बॅटरी, लहान आरसा आणि मापाचा डबा एवढे बहुतेक गॅरेजमध्ये असतेच. पाणी उतरते आणि बोटी काठावर येतात ते एप्रिल-मे हे कामाचे दिवस. बोट सोलापुरात आणणे मालकाला परवडत नाही, तेव्हा कारागिराने सामान घेऊन काठावर जावे हे उत्तम. एकट्याला जमत नसेल तर एक वेल्डर, एक फायबरवाला आणि एक मेकॅनिक यांनी मिळून फेरी ठरवावी.

मजुरी सांगताना शोधण्याचे दाम आणि दुरुस्तीचे दाम वेगळे सांगावे. आपल्याकडे हातोडी मारण्याचे पैसे मिळतात, कोठे मारायची हे ओळखण्याचे मिळत नाहीत. म्हणून कारागीर शोधण्यात वेळ घालवत नाही, दिसेल तेथे थापतो आणि मालक पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात उभा राहतो. दोन्ही दाम आधीच ठरले तर दोघांचाही फायदा आहे.

कायद्याचेही भान ठेवावे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटींची नोंदणी व तपासणी हा त्याचा विषय आहे. कारागिराची दुरुस्ती म्हणजे सरकारी तपासणी नव्हे, हे मालकाला स्पष्ट सांगावे. तळ जागोजागी कुजला असेल तर “ही बोट माणसे नेण्याजोगी राहिली नाही” असे सांगण्याची हिंमतही ठेवावी. ऐब झाकून मिळालेली मजुरी फार महाग पडते.

शेवटी एक सवय लावून घ्यावी. दुरुस्तीपूर्वी बोट कोरडी करून तासभर पाण्यात ठेवावी आणि आत आलेले पाणी डब्याने मोजावे. दुरुस्तीनंतर, माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून, मालकासमोर पुन्हा तेच करावे. मग दोन्ही आकडे तारखेसह बिलावर लिहून द्यावेत : पूर्वी तासाला इतके लिटर, आता इतके. असे बिल देणाऱ्या कारागिराला जाहिरातीची गरज उरणार नाही आणि त्या बोटीत बसणाऱ्यांना तळाकडे पाहत बसावे लागणार नाही.