शिडनौकेची आकस्मिक दुरुस्ती
शिडनौका, आकस्मिक दुरुस्ती : किनाऱ्यापासून दूर असताना नौकेत उद्भवलेला बिघाड हाताशी असलेल्या सामग्रीने निदान बंदर गाठेपर्यंत दूर करण्याची पद्धती. शिडनौकेवर जागा थोडी असल्याने एकच वस्तू अनेक कामांना वापरावी लागते. जुना दोर, शिडाचे तुकडे, फळ्या व तांब्याचा पत्रा नाविक सहसा फेकून देत नाहीत.

सर्वांत निकडीचा बिघाड म्हणजे गळती. जेम्स कुक यांचे ‘एन्डेव्हर’ जहाज १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवर आदळले, तेव्हा सुट्या केलेल्या दोराचे धागे व लोकर शिडावर शिवून ते शीड बाहेरून तळाखाली ओढण्यात आले. पाण्याच्या दाबाने ते भगदाडावर बसले व गळती आटोक्यात आली.

मुंबईत सागवानी लाकडात बांधलेल्या ‘सुहेली’ या सु. १० मी. लांबीच्या नौकेचे उदाहरण अधिक उद्‌बोधक आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात तीतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. कण्याजवळचा फळ्यांचा सांधा गळू लागल्यावर त्यांनी भर समुद्रात बुडी मारून त्यात कापूस ठासण्याचा प्रयत्न केला; परंतु हातोडा उचलेपर्यंत कापूस सुटून येई. तेव्हा त्यांनी कापडाच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, तीस डांबर लावले, तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या व ती सांध्यावर ठोकून वर तांब्याची पट्टी बसविली. येथे लोखंडी चुका वापरणे चुकीचे ठरले असते. समुद्राच्या पाण्यात तांब्याशी संपर्क आल्यास लोखंड विद्युत् रासायनिक क्रियेने झपाट्याने झिजते. तातडीच्या दुरुस्तीत ही बाब वारंवार दुर्लक्षिली जाते. याच सफरीत ठिणगीची फट मोजण्यासाठी मापक पट्टी नसल्याने त्यांनी वहीची पाने मोजली : २०० पानांची जाडी एक इंच, म्हणून तीन पाने म्हणजे सु. ०·३८ मिमी.

कोकणातील गलबतांचे सांधे तेल व राळ यांत भिजविलेल्या कापसाने बुजवीत. तत्त्व तेच, मात्र हे काम नौका कोरड्यावर ओढून केले जाई.

शिडाच्या बाबतीत फाटण्यापेक्षा शिवण उसवण्याचे प्रमाण मोठे असते, कारण कृत्रिम धाग्याची शिवण उन्हाने आधी कुजते. जाड सुई, मेण चोळलेला दोरा व तळहाताला बांधावयाचा चामडी पट्टा एवढी सामग्री त्यासाठी पुरते. सुकाणू निखळल्यास लांब वाशाला फळी बांधून त्याने नौका वळविता येते. डोलकाठी मोडून पाण्यात पडल्यास मात्र प्रथम तिच्या तारा तोडाव्या लागतात. अन्यथा तिच्या धक्क्यांनी नौकेला भोक पडते. तळातील प्रत्येक नळीजवळ मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवतात. नळी फुटताच ती ठोकून बसवितात व पाण्याने फुगून ती घट्ट होते.