जुन्या मोटारींचे दुर्मिळ भाग : संग्रह आणि मूल्यमापन

दिल्लीत १९६४ साली ‘द स्टेट्समन’ या दैनिकाने जुन्या मोटारींची पहिली रॅली भरवली. अशा मेळाव्यांना जमणाऱ्या लोकांची नजर प्रथम गाडीच्या चकाकणाऱ्या रंगावर आणि डौलावर जाते. जाणकार मात्र गाडीजवळ जाऊन वाकतो व दिव्यावरील छाप, कार्ब्युरेटरवरील पट्टी, चाकाच्या तुंब्याची घडण न्याहाळतो. जुनी मोटार ही एक वस्तू नसून हजारो भागांचा संच असते आणि तिचे मोल त्या संचाच्या पूर्णतेवर अवलंबून असते. हरवलेला भाग कोठे शोधावा, सापडलेला भाग अस्सल आहे हे कसे ओळखावे आणि त्याची किंमत कशी ठरवावी, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

गाडी आणि तिचे भाग यांची ताटातूट

स्वातंत्र्यपूर्व काळात संस्थानिक, व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांच्यासाठी इंग्लंड, अमेरिका व युरोपातून अनेक प्रकारच्या मोटारी भारतात आल्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स यांच्या गाड्यांचे भाग देशात मिळू लागले. परदेशी गाड्यांचे भाग मात्र मिळेनासे झाले. तेव्हा आपल्याकडील मिस्त्रींनी आपल्या कौशल्याने मार्ग काढला. परदेशी गाडीत अँबॅसडरचे इंजिन बसविणे ही सर्रास चालणारी गोष्ट झाली. १९७३ नंतर पेट्रोल महागल्यावर कित्येक मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने आली.

या जोडकामामुळे गाड्या चालत राहिल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु काढलेले मूळ इंजिन, त्याचा कार्ब्युरेटर, डायनॅमो, मीटर हे सारे कारखान्याच्या कोपऱ्यात पडले किंवा वजनावर विकले गेले. आज संग्राहक ज्याच्या शोधात असतो तो भाग बहुधा असा काढून टाकलेलाच असतो. दिल्लीत हा शोध काश्मीरी गेट येथील मोटारभागांच्या बाजारात आणि पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात घेता येतो. भंगार वजनावर विकले जाते, चालू गाडीचा भाग नगावर विकला जातो आणि दुर्मिळ भागाची किंमत तो ओळखणाऱ्याच्या ज्ञानावर ठरते.

ओळख कशी पटते

भागांची बाजारातील नावे फसवी असतात. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हे नाव वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आले आहे. तेथे १९०४ साली असे चाक तयार करण्यास आरंभ झाला. आज कोणत्याही गाडीच्या जादा चाकाला हेच नाव आहे. म्हणून नावापेक्षा भागावरील खुणा पाहाव्यात. इंग्लंडच्या लुकास कंपनीच्या अनेक विद्युत्‌भागांवर तो कोणत्या महिन्यात व वर्षी तयार झाला याचे आकडे ठोकलेले असत. १९३८ सालच्या गाडीवर १९५२ चा छाप असलेला डायनॅमो आढळला, तर तो मागाहून बसविला हे उघड आहे. एस. यू. कार्ब्युरेटरवर स्क्रूखाली धातूची एक लहान पट्टी असे आणि तिच्यावरील क्रमांकावरून तो कोणत्या प्रकारच्या गाडीसाठी होता हे समजे. साफसफाई करताना ही पट्टी फेकून देणारा मिस्त्री नकळत त्या भागाचा दाखलाच फेकून देतो.

धातूवरूनही काळ कळतो. १९२०–३० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोमचा मुलामा प्रचारात आला. तत्पूर्वी निकेलचा मुलामा असे. निकेलची झाक किंचित पिवळसर व उबदार, तर क्रोमची निळसर व थंड दिसते. १९२४ सालच्या गाडीवर क्रोमचा दिवा कितीही सुंदर दिसला तरी तो मूळचा असू शकत नाही. पितळ म्हणून विकला जाणारा दिवा मुलामा दिलेल्या पोलादाचा तर नाही ना, हे साधे लोहचुंबक सांगते.

स्थिती आणि गरज

बाहेरून अखंड दिसणारा भाग आतून निकामी असू शकतो. त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग मोठ्या प्रमाणावर केले जात. जस्तात शिशाचा थोडासाही अंश राहिला तर कालांतराने असा भाग फुगतो, त्यास सूक्ष्म तडे जातात आणि अखेर त्याचा भुगा होतो. यावर उपाय नाही. उलट, गंजलेला परंतु पूर्ण असलेला पोलादी भाग सुधारता येतो. म्हणूनच अनुभवी संग्राहक चकाकीपेक्षा पूर्णतेस अधिक किंमत देतो.

केवळ जुनेपणाने किंमत वाढत नाही. हिंदुस्तान मोटर्सच्या लँडमास्टर या गाडीचे उदाहरण घ्यावे. १९५४ पासून ती काही वर्षेच तयार झाली. तिची जागा घेणारी अँबॅसडर २०१४ पर्यंत निघत होती. लँडमास्टरचे इंजिन आरंभीच्या अँबॅसडरमध्येही होते, त्यामुळे त्याचे भाग दोन गाड्यांतून मिळतात. तिची पुढची जाळी मात्र दुसऱ्या गाडीची चालत नाही. साहजिकच जाळीचा शोध अधिक कठीण असतो. भाग किती उरले आहेत, ते किती गाड्यांना लागतात आणि त्यांच्यावाचून किती गाड्या अपुऱ्या आहेत, या तीन गोष्टींच्या मेळातून किंमत ठरते.

नव्याने घडविलेल्या प्रतिकृतींचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारींच्या क्षेत्रात तो स्पष्ट दिसतो. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ची आणि १९७९ साली ‘सँड स्कॉर्चर’ ही अशी गाडी बाजारात आणली. ‘सँड स्कॉर्चर’ काही बदलांसह २०१० साली पुन्हा काढण्यात आली. ज्यास गाडी केवळ चालवावयाची आहे त्याची गरज अशा नव्या भागाने भागते. ज्यास मूळ संच पूर्ण करावयाचा आहे तो मात्र जुना भागच शोधतो. मोठ्या मोटारीसही हाच न्याय लागू पडतो. प्रतिकृती वापरण्यात दोष नाही. ती अस्सल म्हणून विकण्यात आहे.

कायद्याची बाजू

मूळ भागांना आता कायद्यानेही महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. परंतु ते मूळ स्वरूपात राखलेले असले पाहिजे आणि त्याचा सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवण्यात आले. अशा वाहनाचा रोजच्या वापरासाठी उपयोग करता येत नाही.

दिल्ली परिसरात यातून एक पेच उद्भवतो. राष्ट्रीय हरित लवादाने पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरले. अंमलबजावणीत पुढे वेळोवेळी बदल झाले. हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न गंभीर असल्याने या निर्बंधांमागील हेतू नाकारता येणार नाही. तथापि १९९० साली तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीने पंधरा वर्षे केव्हाच ओलांडली आहेत आणि तिला पन्नास वर्षे २०४० साली पूर्ण होतील. मधल्या काळात अशा गाड्या भंगारात गेल्या, तर आज क्षुल्लक वाटणारा त्यांचा दिवा किंवा मीटर उद्या मिळेनासा होईल.

हरियाणातील तावडू येथे २०१३ साली उघडलेल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमसारख्या संस्था संपूर्ण वाहने जपतात. सुट्या भागांचे जतन मात्र मुख्यतः मिस्त्री, दुकानदार आणि गाडीचे मालक यांच्याच हाती आहे. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. काढलेल्या भागास तेलाचा हात द्यावा, तो कोरड्या जागी ठेवावा आणि तो कोणत्या गाडीचा, केव्हा व का काढला याची चिठ्ठी त्यास बांधावी. या चिठ्ठीमुळे तो भाग भंगार ठरत नाही आणि पुढे केव्हातरी आपल्या गाडीत परत जाऊ शकतो.