बॅटीचे झाड आणि कयाधूकाठचा वाळुंज

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी मध्यरात्री नवी मुंबईच्या मैदानावर हरमनप्रीत कौरच्या महिला क्रिकेट संघाने विश्वचषक उंचावला, आणि त्यानंतर हिंगोलीच्या बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानांपुढे मुलींची व त्यांच्या बापांची रीघ लागली. 'इंग्लिश विलो दाखवू का काश्मिरी?' असे दुकानदार विचारतो, आणि जणू दोन भिन्न वृक्षांतून निवड करायची आहे अशा गांभीर्याने गिऱ्हाईक विचारात पडते. वास्तविक दोहोंची कुळी एकच, ती शीत मुलखातल्या श्वेत वेतसाची. एसेक्सच्या दमट कुरणात वाढला तो इंग्लिश, आणि साहेबांच्या अमदानीत झेलमच्या खोऱ्यात रुजला तो काश्मिरी. भेद पडतो तो हवापाण्याचा, निगेचा आणि अर्थातच भावाचा.

खरा दुसरा वृक्ष आपल्याच मुलखात आहे, आणि त्याची वास्तपुस्त मात्र कोणी करीत नाही. तोही वेतसच, त्याचे नाव वाळुंज. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबरोने त्याला शास्त्रीय नाव दिले ते 'चार बीजांचा' अशा अर्थाचे. त्याच्या जातीचे बहुतेक भाऊबंद बर्फाच्या आश्रयाने राहिले असता हा एक दक्षिणेत उतरला आणि ओढ्यानाल्यांच्या काठी स्थिरावला.

नर्सीहून कयाधूच्या काठाकाठाने वर जाताना, एका ओढ्याच्या तोंडाशी, मी तो पाहिला. खोड वाकडे, अंगभर गाठी, फांद्या पाण्यावर ओणवलेल्या. पान भाल्याच्या पात्यासारखे, वरून हिरवे, खालून पांढुरके. श्वेत वेतसाच्या पानाखाली रेशमी लव असते आणि तीच त्याला रुपेरी झाक देते. वाळुंजाचा पांढुरकेपणा पीठ भुरभुरल्यासारखा वाटतो. नरफुलाची लोंबती मंजिरी भिंगाखाली धरली म्हणजे शंकेला जागाच उरत नाही: श्वेत वेतसाच्या फुलात पुंकेसर दोनच असतात, वाळुंजाच्या फुलात पाच-सहा, कधी त्याहूनही अधिक. ज्वरावर दोघांच्याही सालीचा काढा लोक देत आले. त्या सालीतल्या द्रव्याच्या वाटेने रसायनशास्त्र १८९७ साली ॲस्पिरिनपर्यंत पोचले.

बॅटीला मात्र वाळुंज चालायचा नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. फळीला सरळ, बिनगाठीचे खोड लागते आणि पंधरा-वीस वर्षांची जोपासना लागते; ओढ्याच्या पुराशी झुंजत वाढलेल्या झाडाकडून ती अपेक्षा करणेच गैर. संस्कृत कवींनी 'वैतसी वृत्ती' म्हणून जे नम्रतेचे वर्णन केले, ते वेताचे की वेतसाचे, हा पंडितांचा वाद त्यांनाच लखलाभ होवो. माझ्यापुरता त्याचा निकाल या ओढ्याच्या तोंडाशी लागला आहे. पूर येतो, फांद्या निमूटपणे झोपतात, आणि मुळांनी धरलेली माती जागची हलत नाही.

असे असूनही वृक्षलागवडीच्या याद्यांत गुलमोहराला मानाचे पान, आणि वाळुंजाची नोंदही नाही. एका रोपवाटिकेत मी चौकशी केली, तेव्हा तिथल्या कारकुनाने दप्तर उलटेपालटे करून मला वेताच्या टोपल्यांच्या दुकानाचा पत्ता दिला!

रोपाची खरे तर गरजही नाही. त्याच ओढ्यालगतच्या शेतकऱ्याने गुरे अडवण्यासाठी वाळुंजाच्या फांद्या तोडून ओल्या चिखलात कुंपणाचे खुंट म्हणून ठोकल्या होत्या. मी मोजले, अकरा खुंट होते. नवांना पालवी फुटली होती.