दोन तासांचं बेट, जगभर गेलेलं बी

साबुसावा बेट पायी बघून व्हायला दोन तास पुष्कळ झाले. चढ म्हणावा असा एकच, तोही टेकाडाचा. पण याच बेटावरचे दोन खलाशी दोनशे वर्षांपूर्वी अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून आले, आणि तेही जायचं मनात नसताना. पुढे इथल्या किनारपट्टीवरचं कालवांचं बी पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला गेलं, नंतर फ्रान्सला. जपानच्या नकाशात शोधायला भिंग लागावं एवढीशी ही जागा, पण जगाशी तिचे व्यवहार मोठे. ते समजून घेत चालायचं असेल तर दोन तासांवर भागवू नये, दिवस काढून जावं.

ईशान्य जपानात मियागी प्रांत आहे आणि त्याच्या किनाऱ्यावर मात्सुशिमाचा उपसागर. त्यात अडीचशेच्या वर लहानमोठी बेटं. बहुतेकांवर नुसती पाइनची झाडं, माणसाची वस्ती नाही. जपानी लोक देशातल्या तीन सर्वांत देखण्या जागांत या उपसागराची गणना करतात. हायकूकार बाशो १६८९ मध्ये शिओगामाहून होडीनेच मात्सुशिमाला गेला. त्याच वाटेवर आज पर्यटकांच्या बोटी धावतात. आपण त्यात बसायचं नाही. सेन्दाई शहरातून सेन्सेकी लाइनची लोकल पकडून होन-शिओगामा स्टेशनवर उतरायचं, अर्ध्या तासाचा प्रवास. तिथून दहाएक मिनिटं चालत धक्क्यावर, आणि नगरपालिकेच्या साध्या लाँचमध्ये.

ही लाँच उरातो बेटांची. कात्सुराशिमा, नोनोशिमा, साबुसावा आणि होजिमा ही वस्ती असलेली चार बेटं, मिळून पाच वाड्या. बेटांवरची मुलं शिकायला शहरात जातात हे आपण सगळीकडे पाहतो. इथे उलटं आहे. नोनोशिमावरच्या शाळेत शहरातली मुलं सकाळच्या लाँचने येतात. बेटांवर म्हातारी माणसं उरली, शाळा बंद पडायची वेळ आली, तेव्हा काढलेली ही तोड आहे.

लाँच धक्का सोडून बाहेर पडली की पाण्यात ओळीने रोवलेल्या काठ्या आणि काळे तरंगते पिंप दिसू लागतात. काही ओळी नोरीच्या, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या समुद्रशेवाळाच्या. बाकीच्या कालवांच्या. दोन ओळींच्या मधून लाँच वाट काढते तेव्हा लक्षात येतं की आपण शेतातून चाललो आहोत. बेटांनी मोकळ्या समुद्राच्या लाटा बाहेरच अडवलेल्या, पाणी उथळ, आणि आजूबाजूच्या डोंगररानांतून ओढे-नाल्यांनी येणारं खाद्य भरपूर. कालवाला हेच लागतं. त्याला कुणी काही खायला घालत नाही. ते आपलं पाणी आत ओढतं, त्यातले सूक्ष्म जीव गाळून घेतं आणि उरलेलं पाणी सोडून देतं. चाऱ्याचा खर्च नाही, औषधाचा नाही. खर्च आहे तो श्रमाचा, दोरांचा आणि होडीच्या डिझेलचा.

साबुसावाच्या धक्क्यावर उतरलात की आधी नजरेस पडतात त्या शिंपल्यांच्या माळा. शिंपले कालवांचे नव्हेत, स्कॅलप नावाच्या पंख्याच्या आकाराच्या दुसऱ्याच शिंपल्याचे. प्रत्येकाला मधोमध भोक पाडलेलं, आणि असे सत्तरेक शिंपले एका तारेत ओवलेले. कालवाच्या शेतीतलं सगळ्यात नाजूक काम या माळेवर अवलंबून असतं. उन्हाळ्यात पाणी तापलं की कालवं अंडी आणि बीज पाण्यात सोडतात. त्यातून निघालेलं डोळ्यांना न दिसणारं पिल्लू दोनेक आठवडे, कधी जास्तही, पाण्यात तरंगत राहतं. मग त्याला बारीकसा पाय फुटतो, ते तळाशी जागा चाचपतं आणि एखादा टणक, स्वच्छ पृष्ठभाग मिळाला की स्वतःला तिथे कायमचं चिकटवून घेतं. जन्मात एकदाच जागा निवडायची. चुकली तर मरायचं.

माळा पाण्यात सोडायच्या त्या नेमक्या याच वेळी. आधी सोडल्या तर शिंपल्यांवर बार्नेकलसारखे फुकटे जीव येऊन बसतात आणि कालवाला जागाच उरत नाही. उशिरा सोडल्या तर पिल्लांचा लोंढा निघून गेलेला असतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये प्रांताच्या मत्स्य संशोधन केंद्राची माणसं पाण्याचे नमुने काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं मोजतात आणि कोळ्यांना कळवतात. पेरणीला वाफसा बघतात तसंच हे. फरक एवढाच की इथे बी आपण पेरत नाही, ते आपलं आपण येऊन बसतं.

बसलेलं बी लगेच खोल पाण्यात नेत नाहीत. उथळ जागी काठ्यांच्या मांडवावर माळा अशा उंचीवर ठेवतात की ओहोटीला त्या काही तास उघड्या पडाव्यात. ऊन, वारा, थंडी सोसून जे तगेल तेच पुढे जाईल. दुबळं बी इथेच गळतं. तगलेलं बी चिवट होतं आणि हाच चिवटपणा पुढे सातासमुद्रापार उपयोगी पडला. नंतर शिंपले सुटे करून जाड दोरात अंतराअंतराने अडकवतात आणि तरंगत्या पिंपांना टांगतात. हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. तेव्हा वाडीवाडीतल्या सामायिक शेडमध्ये पहाटेपासून माणसं ओळीने बसून आखूड सुरीने कालवं सोलत असतात. सुरीचं टोक कडेच्या फटीत घालून आतला स्नायू कापायचा, की घट्ट मिटलेलं कवच एकदम सैल पडतं. बघायला सोपं वाटतं. शिंपल्याच्या धारेने हात किती कापतात ते आपल्याकडच्या कोळणींना विचारा.

वाडी संपली की वाट हियोरीयामा नावाच्या टेकडीवर चढते. पाच-दहा मिनिटांचा चढ. जुन्या बंदरांजवळ या नावाच्या टेकड्या जपानभर आहेत. गलबतं हाकारण्याआधी तांडेल तिथे चढून आभाळ आणि वारा बघत. १६७१ मध्ये कावामुरा झुइकेन नावाच्या व्यापाऱ्याने ईशान्येकडचा तांदूळ एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, समुद्रमार्गे नेण्याची सोय लावून दिली आणि साबुसावाला महत्त्व आलं. वारा अनुकूल होईतो गलबतं याच निवाऱ्याला थांबायची. खलाशी थांबले की खाणावळी आल्या, खाणावळींबरोबर कलावंतिणी आल्या. टेकडीवर बारा राशीचिन्हं कोरलेला दिशादर्शक दगड आहे, आणि त्याच्याजवळ दोरांनी करकचून बांधलेली जिझोची दगडी मूर्ती. जिझो म्हणजे प्रवाशांना आणि लहान मुलांना सांभाळणारा बोधिसत्त्व. बंदरातली एखादी कलावंतीण आपला खलाशी जाऊ नये म्हणून या जिझोला दोराने बांधून नवस बोलायची : वारा उलटा फिरू दे, मग सोडीन. आपल्याकडे देव पाण्यात घालून बसतात त्यातलाच हा प्रकार. तांडेल आणि ती एकाच टेकडीवर यायचे आणि वाऱ्याकडे नेमकं उलटं मागायचे. मला विचाराल तर अख्ख्या बेटावर बघण्यासारखं हेच एक ठिकाण आहे. बाकीचं चालण्यासारखं आहे. खाली वाडीच्या बाजूला दुसरा एक जिझो आहे, त्याच्या तोंडाला पावडर लावतात. तशी लावली की देखणं मूल होतं म्हणे.

वाऱ्याने न ऐकल्याची गोष्ट याच बेटाची आहे. १७९३ च्या हिवाळ्यात वाकामिया-मारू नावाचं गलबत तांदूळ आणि लाकूड घेऊन इशिनोमाकीहून एदोला निघालं. सोळा माणसं. वादळात सापडून ते महिनोन् महिने भरकटत गेलं आणि अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांना लागलं. तिथून रशियनांनी त्यांना सैबेरियात इर्कुत्स्कला नेलं. तिथेच आठेक वर्षं गेली. काही मेले, काही तिथलेच होऊन राहिले. १८०३ मध्ये झार अलेक्झांडरने पीटर्सबर्गला बोलावून विचारलं तेव्हा चौघांनी घरी जायचं म्हटलं. त्यातले त्सुदायू आणि साहेई हे दोघे साबुसावाचे, उरलेले दोघे शेजारच्याच मियातो बेटावरचे. रशियन कप्तान क्रुझेनश्टेर्नच्या नादेझ्दा जहाजातून ते इंग्लंड, ब्राझील, केप हॉर्न, हवाई असे करत १८०४ मध्ये नागासाकीला पोचले. पृथ्वीप्रदक्षिणा केलेले हे पहिले जपानी. त्या काळी जपानचे दरवाजे परकीयांना बंद होते. त्याच जहाजातून आलेल्या रशियन वकिलाला सहा महिने तिष्ठत ठेवून परत पाठवलं गेलं, आणि आपल्याच देशात या चौघांच्या चौकशांवर चौकशा झाल्या. गावी पोचायला १८०६ उजाडलं. विद्वान ओत्सुकी गेन्ताकूने त्यांच्या जबान्या घेऊन मोठा ग्रंथ लिहिला. साठी ओलांडलेल्या त्सुदायूला या कीर्तीचं काय वाटलं असेल, ते त्यात शोधायला हवं.

टेकडी उतरून वाट भातखाचरांत येते. बेटावर नदी नाही; खाचरं पावसाच्या पाण्यावर पिकतात. इथल्या भातापासून शिओगामातला एक जुना कारखाना साके गाळतो आणि बाटलीवर बेटाचंच नाव घालतो. खाचरांपलीकडे मोकळ्या समुद्राकडची पुळण आहे. आतल्या बाजूला तळ्यासारखं पाणी, या बाजूला खुला पॅसिफिक आणि त्याच्या लाटा. कालवांची शेतं तिकडेच का आणि इकडे का नाहीत, ते पाठ्यपुस्तकाविना कळतं. वाटेत एक स्मारकाचा दगडही लागेल. १८५७ मध्ये सेन्दाईच्या संस्थानाने पाश्चात्त्य धर्तीचं आपलं पहिलं लढाऊ जहाज या बेटावर बांधून घेतलं, त्याची ही खूण. बांधणारा मिउरा केन्या मूळचा कुंभार!

११ मार्च २०११ ची त्सुनामी याच पुळणीच्या बाजूने आली. मात्सुशिमाच्या बेटांच्या रांगेने तिचा जोर आत बराच कमी केला, पण बाहेरच्या बाजूच्या उरातोला तो फायदा मिळाला नाही. किनाऱ्यालगतची घरं गेली, खाचरांत खारं पाणी शिरलं, माळा, मांडव, होड्या सगळं वाहून गेलं. त्या वेळी मदत करणाऱ्यांत फ्रान्सचे कालवशेतकरी होते. कारण जुनं होतं. १९७० च्या सुमारास फ्रान्समधली कालवं रोगाने सरसकट मेली, तेव्हा मियागीतून विमानाने गेलेल्या बियाने तिथला धंदा पुन्हा उभा राहिला. त्याची परतफेड म्हणून चाळीस वर्षांनी दोर आणि पिंप पाठवले गेले. फ्रान्समध्ये आज विकली जाणारी बहुतेक कालवं याच जपानी जातीची आहेत.

अमेरिकेची गोष्ट आणखी जुनी. १९१९ मध्ये मियागीची कालवं पेट्यांत भरून जहाजाने वॉशिंग्टन राज्यातल्या सॅमिश उपसागरात नेली. मोठी कालवं वाटेतच मेली. निरुपयोगी म्हणून पाण्यात टाकलेल्या शिंपल्यांवर मात्र नखाएवढं बी जिवंत होतं, ते तिथे वाढलं. तेव्हा व्यापाऱ्यांना कळलं की कालवं नव्हे, बी पाठवायचं.

कोकणात कालवं म्हणजे ओहोटीला कोयती घेऊन खडकावरून फोडून आणायची चीज. लागवड करायची असते हे अलीकडचं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मांडवावरून शिंपल्यांच्या माळा सोडायची पद्धत केरळात रुजवली, आणि सिंधुदुर्गातल्या खाड्यांत महिला बचत गटांनीही कालवपालन करून पाहिलं. तंत्र साबुसावाच्या धक्क्यावर दिसतं तेच. पण बी चांगलं पकडण्याइतकंच मागणी आणि माल थंड ठेवून पोचवणारी साखळी महत्त्वाची, आणि तिथे आपण मागे आहोत.

जायचं तर नोव्हेंबरात जावं. हवा कोरडी, कालवं भरलेली, वारा अजून बोचरा झालेला नसतो. अलीकडे समुद्र उशिरापर्यंत गरम राहतो म्हणून हंगामही लांबतो, तेव्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीची तिकिटं काढू नयेत. फुलं आवडत असतील तर मेच्या सुरुवातीला होजिमावर पिवळीधमक शेतं असतात. ती चिनी कोबीच्या बियाण्याची, परागकणांची भेसळ होऊ नये म्हणून मुद्दाम समुद्रापलीकडे लावलेली. बेटाबेटांमधून नगरपालिकेची छोटी होडी फिरते, फोन केला की येते आणि पैसे घेत नाही. बेटावर दुकान-हॉटेलाच्या भरवशावर राहू नका. पाणी आणि डबा बरोबर घ्या, कचरा परत आणा, धक्क्यावरच्या माळांना हात लावू नका. लाँच दिवसातून मोजक्याच असतात. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच लिहून घ्या. मुक्काम करायचा असेल तर घरगुती खोल्या मिळतात, पण आधी सांगितलं तरच.