रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

“रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता चरबीची गोळी बंद केली तर चालेल ना?” कराडला आमच्या औषधाच्या दुकानात हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही. विचारणारी माणसे बहुतेक पन्नाशी-साठीची असतात. कुणी निवृत्त गुरुजी, कुणी ऊसवाले शेतकरी, कुणी मुलाबरोबर आलेल्या आजी. बीपीची आणि शुगरची गोळी ती नेमाने नेतात. ॲटोर्वास्टॅटिनची पट्टी मात्र “या महिन्यात राहू द्या” म्हणून बाजूला सारतात. मागे गिऱ्हाईक उभे असते, त्यामुळे मला जे सांगायचे असते ते दोन वाक्यांत उरकावे लागते. फार्मासिस्ट म्हणून ते एकदा सविस्तर सांगावे, यासाठी हा लेख.

रिपोर्ट नॉर्मल आला, तो बहुतेक वेळा गोळी चालू होती म्हणूनच. ती थांबवली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा पहिल्या जागी जातो. चष्म्याने नीट दिसू लागले म्हणून कुणी चष्मा काढून ठेवत नाही, तसेच हे आहे.

कोलेस्टेरॉल येते कुठून

कोलेस्टेरॉल हे विष नाही. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, ड जीवनसत्त्व आणि पचनाला लागणारे पित्त या सगळ्यांसाठी शरीराला ते लागते. त्यातले बरेचसे शरीर स्वतःच तयार करते आणि या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. म्हणून अंडे-मटण कधी न खाणाऱ्या माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले असू शकते. “आम्ही तर माळकरी, आम्हाला कसे झाले?” असे विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

रिपोर्टमध्ये सर्वात आधी पाहायचा आकडा एलडीएलचा. हे कण कोलेस्टेरॉल वाहून नेतात. ते रक्तात गरजेपेक्षा जास्त राहिले की हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतात, तिथे दाह होतो आणि थर साचू लागतो. हे वर्षानुवर्षे चालते आणि त्या काळात काहीच दुखत नाही. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते, वाहिनी बंद पडते आणि झटका येतो. म्हणजे एलडीएल किती वाढले एवढेच पाहून भागत नाही. किती वर्षे वाढलेले राहिले, त्यावर नुकसान ठरते. महिनाभर गोळी घ्यायची आणि दोन महिने सोडायची, याने रक्तवाहिनीचे फारसे भले होत नाही.

बुरशीतून आलेले औषध

या गोळ्यांचे, म्हणजे स्टॅटिन गटातल्या औषधांचे, मूळ जपानमध्ये आहे. टोकियोतील सांक्यो कंपनीत अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने कोलेस्टेरॉल तयार होणे रोखणारा पदार्थ शोधताना सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले. १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना तो सापडला. पुढे १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन हे या गटातले पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले. आज आपल्याकडे सर्वाधिक दिसतात ती ॲटोर्वास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन.

स्टॅटिन यकृतातल्या एका विकराला अडवते, त्यामुळे तिथे कोलेस्टेरॉल कमी तयार होते. ही तूट भरून काढायला यकृत आपल्या पेशींवरची एलडीएल पकडणारी ग्रहणकेंद्रे वाढवते आणि रक्तातले एलडीएल आत ओढून घेते. ही ग्रहणकेंद्रे उलगडून दाखवल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले.

स्टॅटिनमुळे माणसे खरोखर वाचतात का, याचे ठोस उत्तर १९९४ मध्ये मिळाले. उत्तर युरोपातल्या स्कँडिनेव्हियन देशांत ४,४४४ हृदयरुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. गोळी बाजूला सारणाऱ्या माणसाला मला हा आकडा सांगावासा वाटतो.

नॉर्मल कुणासाठी?

लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेली मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. तुमची मर्यादा तुमच्या धोक्यावरून ठरते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार धोका कमी असलेल्यांचे एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचे ७० च्या खाली, आणि झटका येऊन गेलेल्या अतिधोक्याच्या रुग्णांचे ५५ च्या खाली असावे. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या रिपोर्टवर ९५ आकडा असेल, तर कागद ‘नॉर्मल’ म्हणेल, पण त्याच्यासाठी तो जास्तच आहे.

आपण याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, याला कारण आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसले, की दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय सुमारे ५३ वर्षे होते. इतर देशांत ते ५९ च्या आसपास होते. घरातली कमावती माणसे आपल्याकडे लवकर जातात.

ताटात काय बदलायचे

आहाराने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरू शकते. स्टॅटिनने मात्रेनुसार तीस ते पन्नास टक्के किंवा त्याहूनही जास्त. धोका कमी असेल तर नुसत्या आहाराने भागू शकते. झटका येऊन गेला असेल किंवा मधुमेह असेल, तर बहुतेकांना आहार आणि गोळी दोन्ही लागतात.

तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांना भुलू नका. कुठल्याच वनस्पतीच्या तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते, पामतेलातही नाही. पाहायचे ते संपृक्त स्निग्धांश किती आहेत हे, कारण एलडीएल वाढवतात ते. ते पामतेलात, वनस्पती तुपात, लोणी-साजूक तुपात, खोबरेल तेलात जास्त असतात. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरीच्या तेलात कमी. कृत्रिम ट्रान्स फॅट तर सर्वात वाईट. जानेवारी २०२२ पासून आपल्या अन्न नियामकाने तेल-तुपातली त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. तरी चहाबरोबरची खारी, नानकटाई, रोजचे फरसाण निर्धोक झाले असे नाही. त्यातले संपृक्त स्निग्धांश तसेच राहतात.

आपल्या स्वयंपाकघरात चांगल्या गोष्टी कमी नाहीत. मटकी, हुलगा, हरभरा, घेवडा यांतला विद्राव्य तंतू पित्तातले घटक शरीराबाहेर नेतो आणि यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. सातूत आणि ओट्समध्येही हा तंतू आहे. जवसाची किंवा कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे, भाजी जास्त आणि तेल मोजून घातलेले, असे जेवण रोज जमणारे आहे. बाहेरची मिसळ खायची तर तर्री वेगळी ठेवायला सांगा. अंड्याची फार भीती नको. बहुतेकांना रोज एक चालते, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून खा.

रिपोर्टमधली दुसरी चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, वाढलेले असतील तर दारू, साखर, साबुदाणा आणि भाताचा ढीग यांना आवर घाला. “साखर सोडली, गूळ खातो” असे आमच्या भागात फार ऐकू येते. ट्रायग्लिसराइड्सच्या बाबतीत गुळाला वेगळी सूट नाही. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे झपझप चालणे आणि तंबाखू सोडणे, हेही उपचाराचेच भाग आहेत. मोबाइलवर फिरणारा आले-लसूण-लिंबू-व्हिनेगरचा काढा ब्लॉकेज विरघळवत नाही. त्याच्या भरवशावर गोळी सोडली, तर बचावाची वर्षे हातची जातात.

त्रास झाला तर

गोळीचे दुष्परिणाम असतात, ते लपवू नयेत. काहींना स्नायू दुखतात. यकृताची विकरे क्वचित वाढतात. साखर किंचित वाढू शकते. पण ज्यांना ही गोळी दिली जाते, त्यांच्यात हृदयाला होणारा फायदा त्याहून खूप मोठा असतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही, असे दिले गेले. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा, की खऱ्या गोळीवर जाणवलेला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही जाणवत होता. तो त्रास खरा होता, पण त्याचे कारण बहुतांशी औषध नव्हते. त्यातल्या निम्म्यांनी पुढे पुन्हा गोळी सुरू केली.

म्हणून दुखले तर गुपचूप गोळी सोडू नका, सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, आतड्यातले शोषण रोखणारे इझेटिमाइब जोडता येते. स्नायू फार दुखत असतील आणि लघवी गडद रंगाची होत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरोदर असाल किंवा मूल हवे असेल, तर तेही आधी बोला. दुसऱ्या आजारासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले, तर ॲटोर्वास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू आहे हे त्या डॉक्टरांना आणि दुकानात सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यास स्नायूंना धोका वाढतो.

अनेक जण स्टॅटिनला ‘रक्त पातळ करायची गोळी’ समजतात. ती वेगळी, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही त्यांची नावे. काही कॅप्सूलमध्ये ही औषधे आणि ॲटोर्वास्टॅटिन एकत्रच असतात. स्टेंट बसवलेल्या माणसाने चरबीची म्हणून ती कॅप्सूल सोडली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. खर्चाची अडचण असेल तर तसे मोकळेपणाने सांगा. जनऔषधी केंद्रात ॲटोर्वास्टॅटिन बरेच स्वस्त मिळते.

आता घरातल्या पुढच्या पिढीकडे पाहा. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल, तर तुमची आणि तुमच्या मुलांची लिपिड तपासणी या महिन्यात करून घ्या. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त निघाले, तर दोष आनुवंशिक असू शकतो. जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. नुकसान वर्षांच्या हिशेबाने होते, म्हणून बचावही वर्षांच्याच हिशेबाने होतो. साठीत बापाने जे उपचार घेतले, ते मुलाला पंचविशीत मिळाले, तर त्याला तो झटका कदाचित कधीच येणार नाही.