पायाखालचं तळं

मृगाचा पाऊस लागून आठवडा झाला होता. शाळेत निघायच्या गडबडीत गाडीत बसले, क्लचवर पाय ठेवला आणि खालून ‘पचक’ असा आवाज आला. मॅट उचलून बघते तर खाली हे एवढं तळं! यांना मुंबईला फोन लावला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, ‘‘काच उघडी ठेवली असशील.’’

काच उघडी नव्हती. पण बाईच्या हातातली गाडी ओली झाली, की दोष आधी बाईचा. (पावसात समोरच्या काचेवर फिरणारा वायपर घ्या. त्याचं १९०३ सालचं अमेरिकन पेटंट मेरी अँडरसन नावाच्या बाईच्या नावावर आहे. हे मी फोनवर ऐकवलं नाही, पण मनात आलं खरं.)

पाणी पुसलं, वर्तमानपत्रं अंथरली. दुसऱ्या दिवशी तळं पुन्हा हजर. चार दिवसांत गाडीला कुबट वास सुटला. एक वेळ मी तो सोसला असता. पण सासूबाईंना जुना दमा. दर पंधरा दिवसांनी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं काम माझं. त्या दिवशी साळवी स्टॉपपर्यंत पोहोचेतो त्यांना अशी ढास लागली, की गाडी कडेला घेऊन सगळ्या काचा खाली कराव्या लागल्या. बाहेर धो धो पाऊस. परतताना म्हणाल्या, ‘‘पुढच्या खेपेस मी आपली रिक्षानं जाईन गो.’’ एकटीनं, त्या वयात, भर पावसात. मला ते फार लागलं.

गॅरेजवाल्यानं गाडी दिवसभर ठेवून घेतली, पुढच्या काचेच्या कडेनं सिलिकॉनचा पांढरा पट्टा मारला आणि अठराशे रुपये घेतले. ‘‘आता थेंब येणार नाही, वहिनी.’’ त्या रात्री पाऊस झाला, सकाळी पचक!

शेवटी शेजारच्यांनी कुवारबावच्या एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, ‘‘झाडाखाली लावता काय?’’ हो, दारातल्या आंब्याखाली. मग त्यांनी बॉनेट उघडलं, वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळी काढली आणि आतून ओंजळ-दोन ओंजळी ऐवज बाहेर काढला. आंब्याची कुजलेली पानं, वाळलेला मोहर, लाल चिखल. ‘‘मे महिन्यात घराच्या पन्हळी साफ केल्यात ना? मग हिची कोणी करायची?’’

आपण कोकणातल्या बायका आगोटीची तयारी किती मन लावून करतो! कौलं परतून घेतो, पन्हळी खरवडतो, लाकूडफाटा आत घेतो, मिरची-मसाला भरून ठेवतो. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त, म्हणजे पुण्याच्या निदान चौपट पाऊस झेलायचा असतो. आणि गाडी? ती तशीच पावसात उभी.

मिस्त्री म्हणाले ते मला एकदम पटलं. गाडीच्या पत्र्यात पाणी शिरतंच, तशीच तिची रचना असते. शिरलेलं पाणी बाहेर जायला वाटा ठेवलेल्या असतात, त्या तुंबल्या की ते आपल्या पायाशी येतं. समोरच्या काचेवरचं पाणी वायपरखालच्या पन्हळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांमागे खाली पडतं. भोकं बुजली की पन्हळ भरते. मग पाणी पंख्याची हवा आत घेणाऱ्या तोंडातून नाहीतर वायरी आत येतात तिथल्या रबरातून आत उतरतं. माझी गाडी उतारावर उजवीकडे कललेली उभी असते, म्हणून तळं माझ्याच पायाशी.

दारांचंही तेच. खिडकीच्या काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत जातं आणि तळाच्या बारीक खाचांतून बाहेर पडतं. दार उघडून खालची कड बघा, मातीनं लिंपलेली असेल तर झाडूच्या काडीनं मोकळी करा. गाडी हलवल्यावर दारात खळखळ वाजलं तर समजा, दारात पाणी साठलंय. दाराच्या आतल्या आवरणामागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मोटर दुरुस्त करताना तो फाटला आणि कोणी नीट लावला नाही, की पाणी सरळ आत. तेव्हा दाराचं काम करून घेतलंत तर कागदाची चौकशी कराच.

डिकीतलं स्टेपनीचं खोलगट भांडंही महिन्यातून एकदा उघडून बघा. मागच्या दिव्यांच्या कडेचं रबर चेपलं, की तिथे गुपचूप पाणी साठतं आणि जॅकपासून सगळं गंजतं. आपल्याकडे खारी हवा, गंजाला निमित्तच हवं असतं. सनरूफ असेल तर त्याच्याही कोपऱ्यांतून नळ्या निघतात. त्यात तार खुपसू नका, आतल्या आत नळी निसटली तर छतातून धार लागेल.

आणि हो, पायाशी आलेलं पाणी पावसाचंच असेल असंही नाही. काचेवरचं धुकं जावं म्हणून पावसाळ्यात आपण एसी लावतो. त्याची पाणी सोडणारी नळी तुंबली तर बहुधा डाव्या सीटच्या पायाशी पाणी येतं, स्वच्छ, वास नसलेलं आणि एसी चालवल्यावरच. हाताला चिकट आणि गोडसर वासाचं लागलं तर ते इंजिनाचं कूलंट, तेव्हा लगेच गॅरेज गाठा. पावसाचं पाणी मात्र आपल्या लाल मातीमुळे ओळखू येतं. ते जिथून उतरतं तिथे तांबूस ओघळ सोडतं.

ओघळही दिसत नसेल तर घरीच करता येईल असा प्रयोग आहे. आतून दाराच्या रबराजवळ टाल्कम पावडर भुरभुरा. एकीनं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसरीनं बाहेरून नळीनं हलकं पाणी सोडायचं. खालून सुरुवात करून हळूहळू वर, एकेका जागी पाच-पाच मिनिटं. आधीच टपावर पाणी ओतलंत तर कुठून आलं ते कळणारच नाही. पावडरीत रेघ उमटली की चोर सापडला. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथलं रबर चेपलंय. ते साबणाच्या पाण्यानं पुसून बघा, नाहीतर बदला. तेल-ग्रीस मात्र लावू नका, रबर फुगतं. आणि जागा सापडेपर्यंत सिलिकॉन अजिबात नको. माझे अठराशे गेले, तुमचे तरी राहू देत.

वाळवण्याचं काम मात्र वेळ खातं. मॅटिंगखाली स्पंजचा जाड थर असतो. वरून कोरडा लागला तरी आत चिंब असतो आणि बुरशी तिथेच धरते. मिस्त्रींनी सीट काढून तो सगळा बाहेर घेतला. (सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, हे काम जाणत्याकडूनच करून घ्या.) कापूर, अत्तर, लिंबू सगळं करून पाहिलं होतं मी, पण ओल गेल्याशिवाय वास जात नाही. चार दिवस तो स्पंज पडवीत टेबल फॅनखाली आणि गाडी दारं उघडी टाकून शेजारच्यांच्या शेडमध्ये.

हे सगळं वरून येणाऱ्या पाण्याचं. पुराचं पाणी गाडीत शिरलं तर गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. अशी गाडी चालू करून बघायचीच नाही. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर इंजिन जातं आणि त्याची भरपाई साध्या विम्यात बहुधा बसत नाही. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या.

आता आगोटीच्या यादीत कौलं, पन्हळी यांच्याखाली मी ‘गाडीची जाळी’ लिहिते. आंब्याखाली गाडी लावणं सोडलंय, पण वाऱ्यानं पानं येतातच, म्हणून दर रविवारी जाळीवरून हात फिरवते. पुढच्या पंधरवड्याला रिक्षा सांगायची का, म्हणून सासूबाईंना विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचं दार उघडून आधी वाकून वास घेतला, मग आमसुलांची कागदी पिशवी पायाशी खाली ठेवली आणि बसल्या.